ओपन बॅफल करायचंय? मग प्लाय आणायच्या आधी टेप घेऊन हॉल मोजा

प्रश्न थोडक्यात असा होता: डोंबिवलीत टू बीएचके, हॉल ११ बाय १५ फूट, ऐकणं मुख्यतः ख्याल गायन, थोडी गझल, जुनी हिंदी गाणी. हाताशी ८ इंची फुलरेंजची (जवळपास सगळे सूर एकटाच वाजवणाऱ्या स्पीकरची) एक जोडी आहे आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेले दोन १२ इंची पीए वूफर (कार्यक्रमांच्या मोठ्या स्पीकरमधले, खालचे आवाज वाजवणारे) आहेत. बाकी सगळ्यासाठी तीसेक हजार. "नुसत्या फळीला भोक पाडून स्पीकर बसवला तर बेस येईल का, आणि फळी किती मोठी घ्यावी?"

बेस येईल. खोक्याशिवाय नुसत्या फळीवर बसवलेल्या अशा स्पीकरलाच ओपन बॅफल म्हणतात. फळी किती मोठी हा प्रश्न मात्र शेवटी विचारायचा असतो, आणि जवळपास सगळे तो पहिला विचारतात, मीही विचारला होता आणि त्यापायी मरीन प्लायचं एक अख्खं शीट वाया घालवलं.

लहानपणी माठावर स्पीकर उपडा ठेवून वाजवला नाही असा माणूस आपल्याकडे सापडणं कठीण. नुसता स्पीकर हातात धरून वाजवला की चिरका, किनरा आवाज, आणि माठाच्या तोंडावर ठेवला की एकदम भरदार. का? कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) पुढे ढकलला जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते, म्हणजे पुढचा आवाज आणि मागचा आवाज एकमेकांच्या बरोब्बर उलटे. उंच पट्टीतले आवाज वळून मागे जात नाहीत म्हणून ते वाचतात, पण खालच्या आवाजाची लाट इतकी लांब असते की ती सहज कडेवरून वळते आणि पुढची-मागची एकमेकींना खाऊन टाकतात. माठ काय करतो, तर मागचा आवाज कोंडून ठेवतो. बंद खोका म्हणजे चौकोनी माठच. ओपन बॅफलमध्ये आपण मागचा आवाज कोंडत नाही, फक्त त्याला पुढे यायला लांबचा रस्ता देतो.

हा रस्ता किती लांब, त्यावर सगळं गणित. फळीच्या मधोमध ड्रायव्हर (खोक्याशिवायचा नुसता स्पीकर) असेल तर रस्ता म्हणजे ढोबळमानाने ड्रायव्हरच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर. ३४४ (आवाजाचा सेकंदाचा वेग, मीटरमध्ये) भागिले त्या अंतराची सहापट, हे जे उत्तर येईल त्या फ्रिक्वेन्सीला ओपन बॅफल आणि बंद खोका पुढच्या बाजूला सारखेच वाजतात, आणि त्याच्या खाली ओपन बॅफल दर ऑक्टेव्हला, म्हणजे सप्तकाला, ६ डीबी (डेसिबल) घसरत जातो. ४५ सेमी रुंद फळी घेतली तर कडेपर्यंत साडेबावीस सेमी, म्हणजे उत्तर २५५ हर्ट्झ. आता उलटं करून बघा. ४० हर्ट्झपर्यंत काहीही घसरण नको असेल तर रस्ता १.४३ मीटर लागतो, म्हणजे फळी जवळपास २.९ मीटर रुंद, साडेनऊ फूट. तुमचा हॉल ११ फुटांचा आहे. ती फळी राहिली नाही, पार्टिशन झालं.

म्हणून फळी मोठी करत जाणं हा मार्गच नाही. ४५ ची ६० सेमी केलीत तर अडीच डीबी मिळतात आणि तेवढ्यासाठी हॉलमध्ये कपाटाची दारं उभी केल्यासारखं दिसतं. घसरण होणारच आहे हे धरून चालायचं आणि ती इक्वलायझरने, ड्रायव्हरच्या स्वभावाने आणि कोनच्या हालचालीने भरून काढायची. खोक्याचं काम कुणीतरी दुसऱ्याने करायचंय, इतकं मनाशी पक्कं केलं की पुढचे निर्णय आपोआप सुटतात.

मग एवढा उपद्व्याप कशाला, सरळ खोका करावा की. तर ज्याने चांगल्या ओपन बॅफलवर तानपुरा ऐकलाय त्याला विचारा. एक तर खोक्याच्या आतून कोनच्या पातळ कागदातून परत बाहेर येणारा आवाज इथे नाही, खोक्याच्या बाजूंचं थरथरणं नाही, विशेषतः पुरुषी आवाजातला तो पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा भाग निघून जातो. दुसरं आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं म्हणजे आवाज इंग्रजी आठच्या आकारात पसरतो, पुढे आणि मागे, बाजूला जवळपास काहीच नाही. एखादा ओपन बॅफल वाजत असताना त्याच्या बरोब्बर बाजूला, फळीच्या रेषेत जाऊन उभे रहा, नळ बंद केल्यासारखा बेस गायब होतो, पहिल्यांदा अनुभवलं की हसूच येतं. याचा फायदा असा की समोर तेवढाच आवाज ऐकू येत असताना खोलीत एकूण सांडणारी ऊर्जा सर्व बाजूंना वाजणाऱ्या स्पीकरच्या एक तृतीयांश असते, त्यामुळे आपल्या टाइल्स-सिमेंटच्या खणखणीत हॉलमध्ये बाजूच्या भिंती फार कमी बोलतात आणि बेस कोपऱ्यात साचून घुमत नाही.

आणि हे काही नवीन फॅड नाही बरं का. जनरल इलेक्ट्रिकमधल्या राइस आणि केलॉग यांनी १९२५ साली आजच्या कोन स्पीकरचं मूळ रूप मांडलं तेव्हा तो बॅफलवरच होता. आजोबांचा व्हॉल्व्हचा मर्फी किंवा फिलिप्स रेडिओ आठवा, मागे फक्त भोकाभोकांचा पुठ्ठा. तो ओपन बॅफलच. १९५४ ला एडगर व्हिल्चरचा छोटा बंद खोका आला आणि सगळं जग खोक्याकडे वळलं, तरी १९५७ चा क्वाडचा इलेक्ट्रोस्टॅटिक (कोनऐवजी पातळ पडद्याचा स्पीकर) पुढे-मागे वाजणाराच होता. आपल्यासारख्या घरी ठोकाठोकी करणाऱ्यांसाठी हे सगळं गणित उलगडून ठेवलं ते ह्यूलेट-पॅकार्डमध्ये इंजिनियर राहिलेल्या सीगफ्रीड लिंकविट्झने, लिंकविट्झ-रायली क्रॉसओव्हरमधला तोच (क्रॉसओव्हर म्हणजे खालचे आणि वरचे सूर वेगवेगळ्या ड्रायव्हरकडे वाटून देणारा फिल्टर). २०१८ ला गेला. त्याचे ओरायन आणि एलएक्स ५२१ हे दोन्ही उघडे स्पीकर आहेत, आणि वर मी दिलेलं भागिले सहाचं सूत्र त्याच्याच पद्धतीतलं.

आता टेप घ्या आणि हॉलमध्ये जा.

ओपन बॅफल मागेही तेवढाच वाजतो, म्हणजे मागची भिंत तुमच्या सिस्टिमचा भाग आहे. फळी भिंतीपासून १ मीटरवर असेल तर मागचा आवाज भिंतीवर आपटून २ मीटर जास्त चालून येतो, म्हणजे साधारण ६ मिलिसेकंद उशिरा. एवढा उशीर असला की कान त्याला वेगळा धरतो आणि त्यातून आवाजाला खोली (डेप्थ) येते, गायकाचं स्टेज मागे सरकल्यासारखं वाटतं. भिंत ३० सेमीवर असेल तर तो परतलेला आवाज मूळ आवाजात घुसतो, गायकाच्या आवाजाला नाकात बोलल्याची छटा येते, आणि मग माणूस फुलरेंजला दोष देत बसतो. माझं स्पष्ट मत: ९० सेमी कायमचे सोडता येत नसतील तर ओपन बॅफल करू नका. ऐकताना पुढे ओढू आणि नंतर मागे सारू असं सगळे म्हणतात, पहिले पंधरा दिवस ओढतात.

तुमचे १५ फूट म्हणजे ४५७ सेमी. मागे १ मीटर, फळीपासून तुमच्या डोक्यापर्यंत सव्वादोन मीटर, डोक्यामागे सव्वा मीटर उरतो. बसतंय की. स्पीकर हॉलच्या आखूड भिंतीकडे ठेवायचे, बाजूच्या भिंतीला अगदी ४० सेमीवर आले तरी चालतं कारण बाजूला आवाजच नाही, खोक्यापेक्षा इथे ओपन बॅफल जागा वाचवतो. फक्त घरच्यांना आधी सांगा. माझी पहिली जोडी मी न सांगता उभी केली होती, दुसऱ्या दिवशी बघतो तर आईने दोन्हींवर टॉवेल वाळत घातलेले. तिच्या दृष्टीने ते टॉवेल स्टँडच होते आणि खरं सांगायचं तर रंगही दिला नव्हता.

आता ड्रायव्हर. इथे सगळ्यात जास्त पैसे चुकतात.

ड्रायव्हरच्या आकड्यांत क्यूटीएस नावाचा एक आकडा असतो, तो सांगतो की कोनवर लगाम किती. जोरदार मॅग्नेट म्हणजे घट्ट लगाम, क्यूटीएस कमी. लगाम ढिला तर क्यूटीएस जास्त. त्याच्या स्वतःच्या रेझोनन्सला (ज्या सुराला कोन आपणहून झुलतो तिथे), म्हणजे एफएसला, ड्रायव्हर किती वाजेल हे थेट या आकड्यावर ठरतं: क्यूटीएस ०.३ असेल तर तिथे तो १० डीबी खाली असतो, १.२६ असेल तर उलट २ डीबी वर. बारा डीबीचा फरक झाला, नुसत्या ड्रायव्हरच्या निवडीने. बंद किंवा पोर्टेड (हवेसाठी भोक ठेवलेला) खोका ड्रायव्हरला पाठीमागून मदत करतो म्हणून तिथे ०.३ उत्तम, ओपन बॅफलला मागून कुणी नाही. त्यामुळे इथे ०.६ ते १.२ चे ड्रायव्हर हवेत, जे खोकावाले "ढिसाळ" म्हणून बाजूला टाकतात. एमिनन्स कंपनीचा १५ इंची वूफर अल्फा १५ए ओपन बॅफलवाल्यांत इतका लोकप्रिय का, तर एफएस ४१, क्यूटीएस १.२६, कार्यक्षमता (एका वॅटला एक मीटरवर) ९७ डीबी. मोठ्या फळीत घातला की घसरण आणि त्याचा स्वतःचा फुगवटा एकमेकांना बऱ्यापैकी झाकून घेतात.

तुमचे १२ इंची पीए वूफर बहुतेक ०.३ ते ०.४ चे असतील आणि एफएस ५०-६० च्या वर. लेबलवर काही का असेना. मी एकदा लेबलवर एफएस ४५ लिहिलेली जोडी घेतली आणि घरी मोजली तर एक ७२ आणि दुसरा ६६, दुकानदार म्हणाला वाजवून मोकळा करा मग उतरेल. उतरला, तीनेक हर्ट्झ. तेव्हापासून घेतलेला प्रत्येक ड्रायव्हर मी आधी मोजतो. आरईडब्ल्यू नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, एक रेझिस्टर आणि साउंडकार्ड जोडून इम्पिडन्स (प्रत्येक फ्रिक्वेन्सीला ड्रायव्हर विजेला किती अडवतो ते) मोजता येतो आणि एफएस, क्यूटीएस सगळं तेच काढून देतं, एका संध्याकाळचं काम आहे. तुमचे आधी मोजा. क्यूटीएस ०.५ च्या वर निघाला तर नशीब म्हणा आणि वापरा.

कमी निघाला तर दोन जुगाड ऐकायला मिळतील. एक, सीरिजमध्ये रेझिस्टर टाकून क्यू वाढवणे. गणित खरं आहे, ६ ओमच्या कॉइलला ३ ओम सीरिजमध्ये टाकला तर विद्युत क्यू (क्यूटीएसमधला मॅग्नेटच्या लगामाचा भाग) दीडपट होतो, पण वरचा आवाज साडेतीन डीबी पडतो आणि रेझिस्टर हात लावता येणार नाही इतका तापतो. मला ते आवडत नाही, ज्याच्याकडे डीएसपी (डिजिटल इक्वलायझर-क्रॉसओव्हरचा डबा) आहे त्याने त्याच्या वाटेला जाऊच नये, इक्वलायझरने तेच होतं. दुसरा जुगाड म्हणजे गाडीचे सबवूफर, आणि हा जुगाड मला मनापासून पटलेला आहे. फ्री एअर प्रकारचे, डिकीच्या पार्टिशनवर बसवायचे १२ इंची कार सब बघा, क्यूटीएस ०.६ च्या आसपास, एफएस ३० च्या आसपास, आणि मुख्य म्हणजे कोन ८-१० मिमी सहज हलतो. कार्यक्षमता कमी, ८७-८८ डीबी, म्हणून वॅट जास्त लागतात, पण वॅट आता स्वस्त आहेत.

कोन किती हलतो यावर मी इतका अडून का बसलोय ते सांगतो. बंद खोक्यात आवाज तेवढाच ठेवून एक ऑक्टेव्ह खाली जायचं तर कोनला चौपट हलावं लागतं. ओपन बॅफलमध्ये आठपट. ८० हर्ट्झला १ मिमी हलणारा कोन ४० ला ८ मिमी मागतो. अल्फा १५ए चं क्षेत्रफळ ८५६ चौरस सेमी आणि हालचाल ३.८ मिमी, गुणाकार ३२५ घन सेमी हवा. १२ इंची कार सबचं क्षेत्रफळ ५२० च्या आसपास पण हालचाल १० मिमी धरली तर ५२० घन सेमी, म्हणजे इंचाने लहान असून ४ डीबी जास्त. अल्फा १५ए साध्या सपाट ४५-५० सेमी फळीवर ४० हर्ट्झला १ मीटरवर जमिनीची मदत धरून कसाबसा ८८ डीबी देईल, त्यापुढे कोन ओरडायला लागतो. घरगुती ऐकण्याला वाईट नाही, पण ढोल-ताशाची रेकॉर्डिंग लावून मित्रांना दाखवायला जाऊ नका.

आणि तुम्हाला ४० हर्ट्झ लागतं का, हेही बघा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मधला सा साधारण १३९ हर्ट्झ, त्याच्या तानपुऱ्याचा खर्ज म्हणजे खालचा सा ६९ हर्ट्झ. बाईच्या गायनाचा तानपुरा त्याच्याही बराच वर. डग्ग्याची घुमक खाली जाते पण तीही ५५-६० च्या खाली फारशी नसते. म्हणजे ५० पर्यंत सरळ आणि त्याखाली आपलं आपण घसरणारं असं ठेवलं तर ख्यालाच्या मैफलीतलं काहीही सुटत नाही, आणि ४० ऐवजी ५० वर थांबल्याने कोनची हालचाल जवळपास निम्म्यावर येते. सिनेमातले स्फोट ऐकायचे असतील तर कोपऱ्यात एक बंद खोक्याचा सब ठेवा आणि त्याला ४५ च्या खाली बांधून टाका, यात कमीपणा काही नाही.

मी तुमच्या जागी असतो तर असं बांधलं असतं. खाली वूफरसाठी एच-फ्रेम: ४४ सेमी रुंद, ४४ उंच, ३६ सेमी खोल असा दोन्ही बाजूंनी उघडा बोगदा आणि त्याच्या बरोब्बर मध्यावर वूफरची फळी, बाजूने कापून बघितलं तर इंग्रजी एच दिसतो. मागच्या आवाजाला आता बोगद्याची पूर्ण खोली चालावी लागते, रस्ता साधारण ४० सेमी होतो, ४० हर्ट्झला सपाट फळीपेक्षा ४ डीबी फुकट, आणि जागा तीच. फुकट म्हणालो खरं पण बोगद्यालाही स्वतःचा सूर असतो, १८ सेमीची पोकळी आणि तोंडाची हवा धरून तो २५०-३०० हर्ट्झच्या आसपास घुमतो. म्हणून एच-फ्रेमला १५० च्या वर वाजवायचंच नाही, आणि क्रॉसओव्हर हलका नाही, २४ डीबीचा. हे न करता वरपर्यंत वाजवलं तर तुम्ही परत माठाकडे आलात.

त्याच्यावर ८ इंचीची सपाट फळी, ४४ रुंद आणि ६० उंच, ड्रायव्हरचा मध्य बसल्यावर कानाच्या पातळीला येईल असा. इथे ड्रायव्हर मधोमध बसवू नका. मधोमध असला की डाव्या, उजव्या दोन्ही कडा सारख्याच अंतरावर, आणि ३४४ भागिले दुप्पट अंतर, म्हणजे आपल्या फळीला ७८० च्या आसपास ६ डीबीपर्यंतचा टेंगूळ येतो आणि १५६० ला खड्डा. एका बाजूला ५-६ सेमी सरकवला की तो टेंगूळ पसरतो, खड्डा बुजतो. डावी-उजवी फळी आरशातल्यासारखी करायची, दोन्हींमध्ये ड्रायव्हर आतल्या बाजूला. अरुंद फळी ऐकायला जास्त छान लागते हे खरं, पण मग ८ इंचीला १५० पर्यंत उतरवताना ८ डीबी चढवावे लागतात आणि पेपर कोनचा फुलरेंज तिथे दमतो. ४४ सेमीला साडेचार डीबीत भागतं.

फुलरेंजच्या वर ट्विटर (फक्त उंच सुरांचा छोटा स्पीकर) लावायचा का? आधी नको. महिनाभर ऐका. लावलाच तर लक्षात ठेवा की डोम ट्विटर मागून बंद असतो, खालचं सगळं पुढे-मागे वाजतं आणि ट्विटर फक्त पुढे, म्हणजे मागची भिंत वरच्या पट्टीत अचानक गप्प होते. लिंकविट्झने ओरायनला नंतर मागच्या बाजूलाही ट्विटर लावला तो यासाठीच.

क्रॉसओव्हरबद्दल माझं मत ठाम आहे, पहिला ओपन बॅफल पॅसिव्ह (अॅम्पनंतर नुसत्या कॉइल-कॅपॅसिटरचा) करू नका. १०० हर्ट्झला ६ ओमच्या वूफरसाठी साधा एका कॉइलचा फिल्टर करायचा तर साडेनऊ मिलिहेन्री लागतात, तांब्याची ती गुंडी हातात घेतली की वजन आणि किंमत दोन्ही कळतं. शिवाय ढिल्या लगामाच्या ड्रायव्हरचा इम्पिडन्स एफएसला डोंगरासारखा वर जातो, तिथे कॉइल काहीच करत नाही आणि बेसला कुबड येतं. ते कुबड काढायला आणखी कॉइल, आणखी कॅपॅसिटर. त्यापेक्षा मिनीडीएसपीसारखा २ इन ४ आउट डबा आणि वूफरसाठी टीपीए ३२५५ वाला क्लास डी बोर्ड घ्या, फुलरेंजला तुमचा आहे तोच अॅम्प. कॉम्प्युटरवरूनच ऐकत असाल तर चार चॅनलचं साउंडकार्ड आणि फुकटचं इक्वलायझर एपीओ यातही सगळं होतं. सुरुवातीचे आकडे: १५० हर्ट्झ लिंकविट्झ-रायली २४ डीबी दोन्हीकडे, वूफरला खाली ५० पर्यंत चढत जाणारा शेल्फ (इक्वलायझरचा चढाव) साधारण ९ डीबीचा, आणि ३५ च्या खालचं अडवणारा हायपास. हायपास विसरू नका. एका रेकॉर्डच्या वाकड्या फिरण्यातून आलेल्या ८ हर्ट्झने माझा एक स्पायडर (कोनला मागून मध्यावर धरून ठेवणारी जाळी) फाडलाय, ऐकू काहीच आलं नाही, फक्त कोन फडफडताना दिसला आणि मग दिसायचाही बंद झाला.

मोजमाप घराबाहेर करा. गच्ची मिळाली तर सोनं. फळी पॅरापेटपासून लांब मध्यात, माइक १ मीटरवर, आणि स्वीप (खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा चाचणीचा सूर) संध्याकाळी सातच्या आत संपवा, नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी वर येतात आणि त्यांना स्वीप म्हणजे काय हे समजावता समजावता काळोख पडतो. एक चूक खूपजण करतात: माइक कोनच्या अगदी जवळ लावून बेस मोजतात. बंद खोक्याला ते चालतं, ओपन बॅफलला नाही, कारण कोनजवळ मागचा आवाज पोचलेलाच नसतो, आलेख सुंदर सपाट दिसतो आणि सोफ्यावर बसलं की बेस नाही. फेज (दोन्ही ड्रायव्हर एकाच वेळी पुढे-मागे होतात का) बघायचा सोपा मार्ग: वूफरची वायर उलटी करा, १५० ला खोल दरी पडली पाहिजे. पडली की परत सरळ करा. उलटं केल्यावर आवाज भरला तर आधीच उलटं होतं.

सुतारकाम सोपं आहे पण दोन-चार गोष्टी मिस्त्रीला समोर उभं राहून सांगाव्या लागतात. ८ बाय ४ च्या एका शीटमध्ये वरचं सगळं बसतं, तुकडे पडतातच. १८-१९ मिमी आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्या, कोकणात किंवा मुंबईच्या पावसात एमडीएफचं काय होतं ते ज्याने पाहिलंय तो परत नाव काढणार नाही, कडा पावासारख्या फुगतात. भोक कापल्यावर मागच्या बाजूची कड ४५ अंशात तासून घ्यायची, नाहीतर १९ मिमीच्या भिंतीत ८ इंचीची पाठ गुदमरते, आणि ज्या पाठीच्या आवाजासाठी हे सगळं चाललंय तीच बोगद्यात जाते. मिस्त्री म्हणेल मागून कोण बघतंय, त्याला म्हणा मीच बघणार आहे. ड्रायव्हर स्क्रूने नको, टी-नट आणि बोल्टने, कारण तुम्ही तो दहा वेळा काढणार आहात. वरच्या फळीला मागून दोन उभ्या पट्ट्या, नाहीतर फळी स्वतःच वाजते. बोटाच्या पेराने टकटक करून बघा, डबडब आली तर आणखी एक पट्टी. फळी ५-६ अंश मागे कललेली ठेवली तर तोलही सांभाळला जातो आणि जमिनीवरून येणारी उसळीही थोडी फिरते.

आणि हो, खोक्यात लपणारे आवाज इथे लपत नाहीत. मॅग्नेटच्या मागचं हवेचं भोक फुसफुसतं, स्पायडर खरखरतो. ड्रायव्हर घेताना दुकानातच ३० हर्ट्झचा सूर मोबाइलवरून अॅम्पला देऊन कोन चांगला हलवा आणि कान मागे लावून ऐका, सुरांव्यतिरिक्त काही ऐकू आलं तर तो नग ठेवून दुसरा मागा. दुकानदार विचित्र नजरेने बघतो. बघू दे.

बसवून झालं की शेवटची जुळवणी भिंतीपासूनच्या अंतराने करायची, इक्वलायझरने नाही. ओळखीच्या एका आवाजाची रेकॉर्डिंग लावा, फळ्या १० सेमी पुढे, १० सेमी मागे, असं करत एका जागी गायक फळ्यांमधून सुटून मागे जाऊन बसतो, तिथे जमिनीवर मास्किंग टेप चिकटवा. फळ्या आत किती वळवायच्या तेही तेव्हाच, फुलरेंजची वरची धार जास्त वाटली तर रोख कानाच्या थोडा बाहेर. मागच्या भिंतीवर पुस्तकांचं कपाट असेल तर उत्तम, जाड पडदा नको, मागचा आवाज गिळला तर मग माठच बरा होता.

तर आधी दोन आकडे काढा: फळीच्या मागे खरोखर किती सेमी कायमचे सुटतायत, आणि त्या १२ इंचींचा मोजलेला क्यूटीएस. पहिला ९० च्या खाली निघाला तर त्याच फुलरेंजसाठी बंद खोक्याचं माप काढून देतो.